मुलींचे सॉफ्टबॉल : शब्द कोणी कोणाला द्यायचा?

सॉफ्टबॉलच्या मैदानावर एका संघाच्या नऊ मुली उभ्या राहाव्या लागतात. आठ चालत नाहीत. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये एखादा भिडू कमी असला तरी निभावून नेता येते. या खेळाचा आंतरराष्ट्रीय नियम मात्र सरळ आहे : नऊ खेळाडू उभ्या करता आल्या नाहीत तर सामना समोरच्या संघाला बहाल होतो, एक चेंडूही न टाकता.

हा नियम आम्ही शिक्षक मंडळी वर्गात दहा वेळा सांगतो, पण तो घराघरांत पोहोचलेला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका शाळेच्या मुली विभागीय स्पर्धेला निघाल्या होत्या. संघात अकरा जणी. दोघींना आदल्या दिवशी ताप आला. उरल्या नऊ. रात्री साडेनऊला चेंडू टाकणाऱ्या मुलीच्या घरून फोन आला की, मोठ्या बहिणीला पाहायला उद्या पाहुणे येत आहेत, घरात कामाला हात हवेत, तिला पाठवता येणार नाही. मॅडमनी पुष्कळ विनवले. पलीकडून उत्तर आले, ‘‘मॅडम, एक मुलगी नाही आली तर असं काय बिघडणार आहे?’’

जे बिघडायचे ते बिघडले. आठ मुली पहाटेच्या एस.टी.ने गेल्या, गणवेश घालून मैदानाच्या कडेला बसल्या आणि दुपारी परत आल्या. त्या घरातले लोक वाईट नव्हते. मुलीच्या लग्नाची काळजी कोणाला नसते? पण त्यांना वाटत होते की आपण फक्त आपल्या मुलीबद्दल निर्णय घेत आहोत. प्रत्यक्षात तो निर्णय त्यांनी आणखी आठ घरांसाठी घेतला होता.

म्हणून हा लेख. खेळाडू मुलगी, तिचे आई-वडील आणि प्रशिक्षक यांनी एकमेकांना काय शब्द द्यायचा आणि तो कसा पाळायचा, हे जून महिन्यात, हंगाम सुरू होण्याआधी बोलून घेतले पाहिजे. आपल्याकडे दिलेल्या शब्दाला, अहदला, किती महत्त्व आहे हे वाचकांना सांगायला नको. सूरह बनी इस्राईलमध्ये अहदबद्दल विचारणा होणार असल्याची ताकीद आहे. आपण ती व्यापारात, निकाहात, कर्जात लक्षात ठेवतो. मुलीच्या खेळाच्या बाबतीत ती कोणाच्या ध्यानीमनी नसते, कारण खेळ म्हणजे फावल्या वेळेची गंमत, अशी आपली समजूत.

आधी खेळाची थोडी ओळख. हा खेळ 1887 मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात एका बंद सभागृहात सुरू झाला. बेसबॉलसारखाच, पण मैदान लहान आणि चेंडू खांद्यावरून न फेकता हात खालून फिरवून टाकायचा. नाव ‘सॉफ्ट’ असले तरी चेंडू मऊ नसतो, हे एकदा बोटाला लागले की कळते. दोन बेसमधले अंतर 60 फूट आणि मोठ्या मुलींच्या सामन्यात चेंडू टाकणारी व फलंदाज यांच्यातले अंतर 43 फूट. सामना सात डावांचा. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये महिलांचे सॉफ्टबॉल आले, 2008 नंतर वगळले गेले, टोकियोत परत आले आणि जपानने अमेरिकेला हरवून सुवर्ण नेले. पॅरिसमध्ये पुन्हा नव्हते. 2028 च्या लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा आहे. महाराष्ट्रात या खेळाच्या कारभारात जळगावचे नाव जुने आहे. राज्य संघटनेच्या सचिवपदाची धुरा सांभाळणारे प्रदीप तळवेलकर जळगावचेच. तेव्हा हा काही दूरचा, परका खेळ नाही. आपल्या जिल्ह्यात शिकता येतो, आणि 14, 17 व 19 वर्षांखालील शालेय स्पर्धांत खेळता येतो. जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य, अशी त्याची पायरी आहे.

आता घरातून येणाऱ्या हरकती. यातली एक आम्हाला अजिबात पटत नाही आणि एक पूर्ण पटते.

न पटणारी हरकत पोशाखाची. सॉफ्टबॉलमध्ये घसरत बेस गाठावा लागतो, म्हणून पुष्कळ मुली पूर्ण पँट घालतात. आतून पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट चालतो. डोक्यावर टोपी किंवा हेल्मेट असतेच. त्याखाली स्कार्फ नीट बसतो. फक्त तो पिना लावून नको, डोक्याला घट्ट बसणारा शिवून घ्यावा. घसरताना पिन टोचली तर दुखापत होते. कानातले आणि बांगड्याही काढून ठेवाव्या लागतात. अंग झाकून खेळता येईल असा याहून सोयीचा मैदानी खेळ शोधूनही मिळणार नाही. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने डोके झाकून खेळायला 2014 मध्ये रीतसर परवानगी दिली, बास्केटबॉलने 2017 मध्ये. अमेरिकेची इब्तिहाज मुहम्मद 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये हिजाब घालून तलवारबाजी खेळली आणि सांघिक कांस्यपदक घेऊन परतली. अबू दाऊदच्या हदीस संग्रहात प्रेषित (स.) आणि हजरत आयेशा (रजि.) यांच्या धावण्याच्या शर्यतीचा प्रसंग आहे. एकदा त्या जिंकल्या, पुढे एकदा प्रेषित जिंकले आणि त्यांनी मागच्या हारीची प्रेमाने फेड झाल्याचे सांगितले. मुलींनी धावू नये, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

पटणारी हरकत म्हणजे प्रवासाची आणि सोबतीची. मुलगी कोणाबरोबर जाते, कुठे राहते, रात्री खोलीजवळ कोण असते, हे विचारण्याचा आई-वडिलांना पूर्ण हक्क आहे. ज्या प्रशिक्षकाला या प्रश्नाचा राग येतो, त्याच्या हाती मुलगी देऊ नये, असे आम्ही स्पष्टच सांगतो. मुलींच्या संघाबरोबर महिला शिक्षिका किंवा महिला व्यवस्थापक असलीच पाहिजे. नसेल तर संघातल्या एखाद्या मुलीची अम्मी किंवा खाला सोबत न्यावी. महिलांना एस.टी.त 2023 पासून निम्मे तिकीट आहे, त्यामुळे जळगावहून एरंडोल, पारोळ्यामार्गे धुळ्याला जाऊन येणे आता तितके जड जात नाही. मुक्कामाचा पत्ता आणि फोन निघण्याआधी कागदावर लिहून प्रत्येक घरी द्यावा. प्रशिक्षकाने कोणत्याही मुलीला एकटीला खोलीवर बोलवू नये, रात्री एकटीला मेसेज करू नये. 2012 चा पॉक्सो कायदा 18 वर्षांखालच्या प्रत्येक मुला-मुलीला लागू आहे, आणि गुन्हा माहीत असून न कळवणाराही त्यात दोषी ठरतो. अडचणीत 1098 हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक मुलींना तोंडपाठ असावा. हे बोलायला संकोच वाटतो. तरी पालक सभेत सर्वांसमोर बोलावे. चांगल्या प्रशिक्षकाला त्यामुळे उलट मोकळेपणा येतो.

प्रशिक्षकाने घरांना द्यायचा दुसरा शब्द वेळेचा. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आत मगरिब होते. शाळा सुटून मैदान गाठेपर्यंत अंधार. म्हणजे हिवाळ्यात संध्याकाळचा सराव आपल्या मुलींसाठी जवळपास नाहीच. फजरनंतरचा तास-दीड तासच खरा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हाही सकाळच. ‘आठला सोडतो’ म्हटले तर आठलाच सोडले पाहिजे. साडेआठ झाले की घरी वडील घड्याळाकडे पाहू लागतात, तिसऱ्यांदा असे झाले की मुलगी घरी बसते. कित्येक मुलींचा खेळ या अर्ध्या तासाने संपवला आहे. 2014 च्या सुमारास रमजान जुलैत, ऐन शालेय स्पर्धांच्या तोंडावर येत असे. रोजा धरून मुली सराव करायच्या आणि सरांना ते कधी कधी ठाऊकही नसायचे. आता रमजान फेब्रुवारी-मार्चात, परीक्षांच्या दिवसांत येतो. प्रशिक्षक कोणत्याही समाजाचा असो, मुलीच्या घरचे कॅलेंडर त्याने जूनमध्येच विचारून घ्यावे. ईद, घरातले ठरलेले निकाह, परीक्षा, सगळे.

आणि तिसरा शब्द प्रामाणिकपणाचा. निवड का झाली नाही, हे मुलीला तोंडावर सांगावे. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर नव्हे.

आता पालक. वडिलांनी खर्च केला की जबाबदारी संपली, असे पुष्कळांना वाटते. खरे तर या खेळात पैशापेक्षा वेळ जास्त लागतो. ग्लोव्ह, बॅट, पकडणारीचा मुखवटा आणि छातीचे कवच ही शाळेची असतात किंवा दोन-तीन जणींत वाटून चालतात. पण चेंडू टाकणारी मुलगी सरावाच्या तासात तयार होत नाही. तिला रोज शे-दीडशे चेंडू टाकावे लागतात आणि ते पकडायला समोर कोणीतरी बसावे लागते. धुळ्यातल्या एका यंत्रमाग कामगाराचे घर आम्ही पाहिले आहे. रात्रपाळी करून आलेला भाऊ दारासमोरच्या बोळात 43 फुटांवर खडूची रेघ मारून, पाट उलटा ठेवून त्यावर बसतो आणि बहिणीचे चेंडू पकडतो. पहिल्या आठवड्यात शेजारच्यांनी नावे ठेवली. नंतर त्यांचीच मुले चेंडू आणून द्यायला धावू लागली. त्या भावाला या खेळाचे नियम आजही धड माहीत नाहीत! आमच्या मते मुलीसाठी घराने पाळलेला शब्द याहून वेगळा नसतो. जळगावातल्या एका रिक्षावाल्या वडिलांनी सकाळची पहिली फेरी तीन मुलींना मैदानावर सोडण्याची ठरवून टाकली. बाकीच्या दोन घरांनी पेट्रोलचे वाटून घेतले आणि सोबतीचा प्रश्न सुटला.

निजामाबादची निखत झरीन 2022 आणि 2023 मध्ये बॉक्सिंगची जगज्जेती झाली, तेव्हा सगळ्यांनी अभिमानाने तिचे फोटो पाठवले. तिच्या वडिलांनी मुलींसाठी सौदीतली नोकरी सोडली होती आणि मुलीच्या कपड्यांवरून लोकांची बोलणी खाल्ली होती. त्या दिवसांत किती जण त्यांच्या बाजूने बोलले असतील?

पालकांनी आणखी एक करावे. जूनमध्येच कागद तपासावेत. शाळेच्या रजिस्टरमध्ये ‘शेख’ आधी आणि आधार कार्डावर नंतर, एकीकडे ‘फातिमा’ आणि दुसरीकडे ‘फातेमा’, जन्मतारखेत एका आकड्याचा फरक, या आपल्याकडच्या नेहमीच्या गोष्टी. स्पर्धेच्या सकाळी ओळखपत्र तपासताना त्या बाहेर येतात आणि मुलगी बाहेर बसते. दहावी-बारावीच्या खेळाडूंना पात्रतेप्रमाणे 25 पर्यंत सवलतीचे गुण मिळतात, पण तो प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो. प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवून गुण मिळत नाहीत. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे हेही खरे. मात्र कोणत्या स्पर्धेतल्या कोणत्या क्रमांकाला ते लागू होते याचे नियम आहेत. नुसत्या जिल्हा स्पर्धेतल्या सहभागावर नोकरी लागेल, असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये.

मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडणारे पालकही आता दिसू लागले आहेत. ‘‘बाजूला हो, माझ्या मुलीला मारू दे!’’ हा प्रकार मुलांच्या क्रिकेटमधून इकडे आला आहे. मुलीला एकाच वेळी सरांचे ऐकायचे की अब्बूंचे, हे कळत नाही. सामना चालू असताना सूचना फक्त सरांनी द्याव्यात. घरच्यांनी पाण्याच्या बाटल्या भराव्यात.

राहिली मुलगी. तिचा शब्द सर्वांत सोपा वाटतो आणि पाळायला सर्वांत अवघड. वेळेवर येणे, घरचा अभ्यास आणि घरातले काम न बुडवणे, सरावाचे नाव सांगून दुसरीकडे न जाणे. हे शेवटचे एकदा जरी घडले तरी त्याची किंमत मोहल्ल्यातल्या पुढच्या पाच मुली मोजतात. राखीव बसावे लागले तर तोंड पाडून न बसणेही त्यातच आले. या खेळात ‘सॅक्रिफाइस बंट’ नावाची एक चाल आहे. फलंदाज चेंडू जोरात न मारता बॅटने हळूच पुढ्यात टाकते. ती स्वतः बाद होते, पण बेसवरची मैत्रीण एक बेस पुढे सरकते. गुणलेखनाच्या वहीत ते अपयश धरत नाहीत. तिच्या फलंदाजीच्या हिशेबात ती खेळी मोजलीच जात नाही. नव्या मुलींना हे पटायला वेळ लागतो. घरी गेल्यावर ‘किती रन काढले?’ हाच प्रश्न येतो ना. अम्मींनी एकदा ‘तुझ्यामुळे कोण पुढे गेलं?’ असे विचारून पाहावे.

त्या वर्षी आठ जणींनी परत आलेल्या त्या शाळेत पुढच्या जूनमध्ये मॅडमनी सगळ्या मुलींच्या घरच्यांना बोलावले. एका कागदावर उर्दू आणि मराठीत वर्षभराच्या तारखा, सरावाच्या वेळा, सोबत कोण जाणार त्याचे नाव आणि खाली तीन सह्यांच्या जागा : मुलीची, पालकांची, प्रशिक्षकाची. तारीख बदलायची तर तीन दिवस आधी सांगायचे, एवढीच अट. चेंडू टाकणाऱ्या त्या मुलीचे वडीलही आले होते. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारले, ‘‘अकराच्या ऐवजी चौदा मुली का घेत नाही? कोणी आजारी पडलं तर?’’ त्यांच्या भावाची मुलगी सातवीत होती. तिचे नाव त्यांनी तिथेच लिहून दिले.