दातांची तार आणि फ्लोराइडची चूळ

वर्गात कुणी दातांना तार लावून आलं, की 'आली रेल्वे!' म्हणून चिडवणारे निघतातच. पण ही तार मोठी करामती आहे बरं का!

निकेल आणि टायटॅनियम या धातूंचं मिश्रण म्हणजे 'नितिनॉल'. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी १९५९च्या सुमारास ते शोधलं. १९७०च्या दशकात जॉर्ज अँड्रिअसन यांनी त्याची तार दातांसाठी वापरली. वाकवली तरी ती मूळ आकारात येऊ पाहते आणि येता येता वाकड्या दाताला हळूहळू रांगेत ओढते.

लाळेत राहूनही ती गंजत का नाही? तिच्यावर टायटॅनियम ऑक्साइडचा पापुद्रा असतो, केसापेक्षा हजारो पट पातळ! हेच तिचं चिलखत.

आता गंमत बघा. तारेभोवती अन्नाचे कण अडकतात. जिवाणू त्यातल्या साखरेपासून आम्ल बनवतात आणि दातांवर पांढरे डाग पडतात. ते टाळायला डॉक्टर फ्लोराइडची चूळ भरायला सांगतात किंवा फ्लोराइडचं जेल लावतात. पण फ्लोराइडला आम्लाची जोड मिळाली, की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. ते चिलखत विरघळवतं. मग हायड्रोजन धातूत शिरतो. तार खरखरीत, ठिसूळ होते, तिचा ताण कमी पडतो. प्रयोगशाळेत अशा द्रावणात बुडवलेल्या तारांमध्ये हे दिसून आलं आहे.

मग फ्लोराइड सोडून द्यायचं? छे, मुळीच नाही! तार बदलता येते. दात आयुष्यभर पुरवायचे असतात. तार निघाली तरी पांढरे डाग सहसा मागे राहतात.

तेव्हा एवढंच करा. फ्लोराइडच्या पेस्टनं नीट ब्रश करा. चूळ डॉक्टरांनी सांगितली तेवढीच, तेवढाच वेळ भरा. ती गिळू नका, थुंकून टाका. 'दात लवकर चमकतील' म्हणून दिवसातून पाच-पाच वेळा नको! तार तुटली, टोचू लागली, तर लगेच घरी सांगा.

आईबाबांनो, जेल लावण्यापूर्वी 'हे आम्लयुक्त आहे का? तारेला चालेल का?' असं जरूर विचारा. सहा वर्षांखालच्या मुलांना अशी चूळ स्वतःहून देऊ नका. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. तिथल्या पालकांनी डॉक्टरांना तेही सांगावं.

आणि हो, 'रेल्वे' म्हणणाऱ्या दोस्तांना सांगा, "थांबा थोडे दिवस. गाडी रुळावर येतेय!"