मांजराची जीभ, कुंड्या आणि कामाचे टेबल

मांजर घरातल्या कोणत्याही वस्तूला परके मानत नाही. नव्याने आणलेली कुंडी, अर्धवट उघडा राहिलेला खण, भिंतीला टेकवून ठेवलेली फळी, शिलाई मशीनवरून लोंबणारा दोरा, या प्रत्येकाची हुंगून, पंजाने हलवून आणि बहुधा चाटून तपासणी झाल्याशिवाय त्याचे समाधान होत नाही. या वागण्याला खोडकरपणा म्हणणे अन्यायाचे आहे. एकट्याने शिकार करून जगणाऱ्या प्राण्याला आपल्या मुलखातला प्रत्येक बदल लगेच ठाऊक असावा लागतो, आणि घरातले मांजर त्या जुन्या गरजेनुसारच वागत असते. म्हणूनच ओरडून किंवा पाण्याचे शिंतोडे उडवून त्याचे कुतूहल मोडण्याचा प्रयत्न सहसा फसतो. बदलावे लागते ते घर. घरात नेमके काय बदलायचे हे ठरवताना मांजराच्या शरीराची दोन वैशिष्ट्ये, म्हणजे त्याची जीभ आणि त्याचे यकृत, नीट समजून घेतली, तर पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत.

मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले शेकडो बारीक काटे असतात आणि ते नखांप्रमाणेच केराटिन या कठीण प्रथिनाचे बनलेले असतात. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील ॲलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू या संशोधकांनी २०१८ साली असे दाखवून दिले, की या काट्यांची टोके पोकळ असतात, त्यांत तोंडातील लाळ आपोआप ओढली जाते आणि अंग चाटताना ती थेट केसांच्या मुळापर्यंत पोहोचते. अंग स्वच्छ ठेवण्याची ही फार उत्तम योजना आहे. परंतु तिचाच परिणाम असा, की मांजराच्या अंगाला किंवा पंजाला जे काही लागते, मग ते परागकण असोत, रंग असो वा फरशी पुसायचे औषध असो, ते थोड्याच वेळात त्याच्या पोटात जाते. काट्यांचा रोख आतल्या बाजूला असल्यामुळे जिभेवर अडकलेली वस्तू थुंकून टाकणेही त्याला अवघड जाते.

पोटात गेलेले विष निकामी करण्याचे काम यकृताचे, आणि नेमकी तेथेच मांजराची बाजू लंगडी पडते. माणसाचे किंवा कुत्र्याचे यकृत अनेक घातक द्रव्यांना ग्लुक्युरोनिक आम्ल जोडून त्यांचे पाण्यात विरघळणारे रूप तयार करते, म्हणजे ती लघवीवाटे बाहेर पडू शकतात. या प्रक्रियेला ग्लुक्युरोनिडेशन म्हणतात. मांजरात या प्रक्रियेसाठी लागणारे यूजीटी१ए६ नावाचे एक महत्त्वाचे जनुक निकामी अवस्थेत असल्याचे २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. केवळ मांसावर जगणाऱ्या प्राण्याला वनस्पतींतील रसायनांशी फारसा सामना करावा लागत नसल्याने पिढ्यानपिढ्या ते जनुक निरुपयोगी होत गेले असावे, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. व्यवहारात याचा अर्थ फार कठोर आहे. माणसासाठी साधी असलेली पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आणि काळे फिनेल किंवा जंतुनाशक द्रावणे यांतील फिनॉल वर्गातील द्रव्ये ओल्या फरशीवरून पंजाला आणि पंजावरून जिभेला लागली तरी त्याला विषबाधा होऊ शकते. ‘कुत्र्याला काही झाले नाही, मग मांजराला काय होणार’ हा युक्तिवाद म्हणूनच धोक्याचा आहे.

कुंड्यांकडे वळताना पहिले नाव लिलीचेच घ्यावे लागते. मात्र आपल्याकडे लिली या एकाच नावाखाली निरनिराळ्या कुळांतील फुले विकली जात असल्याने येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. पुष्पगुच्छांत दिसणारी, मोठ्या पाकळ्यांची, गुलाबी, पांढरी किंवा नारिंगी रंगाची आणि मध्यभागी तपकिरी परागकणांनी लडबडलेले पुंकेसर मिरवणारी जी ओरिएंटल किंवा एशियाटिक लिली असते, ती लिलियम या खऱ्या लिलीच्या प्रजातीतली. ती आणि बागांत लावली जाणारी डे-लिली या दोन्ही मांजराच्या मूत्रपिंडांचा नाश करतात. पान, फूल, देठ, परागकण, इतकेच नव्हे तर फुले ठेवलेल्या फुलदाणीतले पाणीदेखील विषारी असते, आणि अंगावर सांडलेले परागकण चाटून पोटात जाणे एवढेही पुरेसे ठरते. यामागचे नेमके विषद्रव्य अद्याप ओळखता आलेले नाही. सुरुवातीच्या काही तासांत मांजर उलट्या करते, मरगळते, मग मधे थोडे सावरल्यासारखे वाटते आणि मालक निर्धास्त होतो. परंतु एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडू लागतात. सुमारे १८ तासांच्या आत शिरेतून सलाईन सुरू झाले तर मांजर वाचण्याची शक्यता चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने घटते. दादरच्या फुलबाजारात जुड्या बांधून येणारी, हारांत ओवली जाणारी पांढरी लिली मात्र वेगळ्या कुळातली आहे. तिच्यातील आणि पावसाळी लिलीतील द्रव्यांमुळे उलट्या होतात, पण मूत्रपिंडे निकामी होत नाहीत. पावसाळ्यात कुंपणांवर फुलणारी कळलावी दिसायला लिलीसारखीच; तिच्यात, विशेषतः कंदात, कोल्चिसिन हे जहाल विष असते. नावांच्या या गोंधळात सुज्ञपणाचा मार्ग एकच, तो म्हणजे मांजर असलेल्या घरात लिली नावाचे काहीही न आणणे.

शहरी घरांत सर्वांत जास्त आढळणारी शोभेची झाडे मात्र अळूच्या कुळातील आहेत. मनी प्लांट, डिफेनबेकिया, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, अँथुरियम, कॅलेडियम आणि पीस लिली ही सारी एकाच गोत्रातली मंडळी असून त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक भरलेले असतात. फदफदे करताना अळूत चिंच का घालावी लागते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या स्फटिकांची वेगळी ओळख करून द्यायला नको. मांजराने पान चावले, की हे स्फटिक जिभेत आणि टाळूत घुसतात, लाळ गळू लागते, तोंड सुजते आणि खाणे बंद होते. हा त्रास बहुधा जीवघेणा नसतो आणि चव नकोशी असल्यामुळे मांजर सहसा दुसरा घास घेत नाही. म्हणून मनी प्लांट घराबाहेर काढण्याऐवजी वरून टांगला आणि त्याचे वेल खाली लोंबू दिले नाहीत, तरी चालते.

ही सवलत काही झाडांना मात्र देता येत नाही. कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी यांतील द्रव्ये हृदयाची लय बिघडवतात, तोच प्रकार रुईच्या चिकाचा आणि कमी-अधिक प्रमाणात पानफुटी व तिच्या कलांचो प्रजातीतील इतर शोभेच्या झाडांचा. सायकसने, त्यातही त्याच्या बियांनी, यकृत निकामी होते. ही झाडे मांजराच्या वावरात असूच नयेत. कोरफड, स्नेक प्लांट आणि गवती चहा यांनी पोट बिघडते, त्यापुढे बहुधा काही होत नाही. स्पायडर प्लांट, अरेका पाम, बोस्टन फर्न, पेपेरोमिया आणि गुलाब मांजरासाठी निर्धोक मानले जातात. अर्थात गुलाबावर कीटकनाशक फवारले नसेल तरच.

मांजरे पाने खातात ती आजारी असतात म्हणून, हा समज रूढ आहे. प्रत्यक्षात निरोगी मांजरेही वरचेवर गवत खातात आणि ही त्यांची उपजत सवय आहे. तेव्हा त्यांना त्यांच्या हक्काचे गवत द्यावे हा सर्वांत सोपा उपाय. परदेशांत मांजरांचे गवत म्हणून जे महाग विकले जाते ते गहू, ओट किंवा सातूचे कोवळे अंकुरच असतात. घटस्थापनेला पत्रावळीवरच्या मातीत धान्य पेरून नऊ दिवसांत हिरवेगार रोप वाढवणाऱ्या घरांना ते विकत आणण्याचे कारण नाही. उथळ थाळीत गहू पेरून ती खिडकीशी ठेवावी आणि दहा-बारा दिवसांनी नवी लावावी, म्हणजे इतर कुंड्यांवरचे लक्ष बरेच उडते. कुंडीतली मोकळी माती उकरून तेथेच विधी उरकण्याची सवय असेल तर मातीवर मोठे गोटे पसरावेत. कुंडीत आपोआप उगवणारी खोकली ही तणवर्गीय वनस्पती उपटून टाकणे मात्र विसरू नये, कारण तिच्या मुळांच्या वासाने अनेक मांजरे अक्षरशः धुंद होतात आणि त्या नादात कुंडी पालथी घालतात. बाल्कनीच्या कठड्यावर कुंड्या ठेवणाऱ्यांनी आधी जाळी बसवावी. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांवरील १९८७ सालच्या अभ्यासात ९० टक्के मांजरे वाचल्याची नोंद आहे आणि ती मोठ्या कौतुकाने सांगितली जाते; पण त्या अभ्यासात रुग्णालयापर्यंत पोहोचलेलीच मांजरे मोजली गेली होती, हे सांगायचे राहून जाते.

घरातल्या कार्यशाळेचा विचार करताना डोळ्यांसमोर करवत, रंधा आणि ड्रिल येतात. मराठी घरांत मात्र सर्वांत जुनी कार्यशाळा शिलाई मशीनची आहे आणि मांजराच्या दृष्टीने ती सर्वांत धोक्याचीही आहे. दोरा हलतो, वळवळतो, म्हणून तो शिकार वाटतो. तोंडात गेला की काटेरी जीभ त्याला आतच ढकलत राहते. दोऱ्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या तोंडाशी अडकले आणि उरलेला भाग आतड्यात उतरला, तर आतडे नेहमीच्या हालचालीने पुढे सरकण्याचा प्रयत्न करत त्या दोऱ्यावर गोळा होत जाते, त्याला चुण्या पडतात आणि ताणलेला दोरा शेवटी आतड्याची भिंत कापतो. सोबत सुई असेल तर संकट दुहेरी. अशा वेळी तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबणारे टोक ओढणे हीच सर्वांत घातक चूक ठरते. ते तसेच ठेवून मांजराला तातडीने पशुवैद्याकडे न्यावे, तेथे बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते. रीळ, बॉबिन, लोकर, आकाशकंदिलासाठी आणलेला दोरा, संक्रांतीनंतर उरलेला मांजा, हे सारे काम संपताच घट्ट झाकणाच्या डब्यात गेले पाहिजे.

लाकूडकाम आणि रंगकामाच्या जागी खरा धोका पातळ पदार्थांचा असतो. टर्पेंटाइन, थिनर आणि रॉकेल पोटात गेल्यास मांजराला उलटी करवू नये, कारण उलटीच्या वेळी हे पदार्थ फुप्फुसांत शिरून जीवघेणा न्यूमोनिया होतो. अंगाला रंग किंवा वॉर्निश लागले तर ते थिनरने पुसणे हा आगीतून फुफाट्यात पडण्याचा प्रकार आहे. खाण्याचे तेल चोळून रंग सैल करावा, मग कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवावे आणि अंग पूर्ण स्वच्छ होईपर्यंत मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळून चाटू देऊ नये. गाडीच्या रेडिएटरमधील कूलंटमध्ये असणारे इथिलीन ग्लायकॉल तर इतके विषारी आहे, की शुद्ध स्वरूपात दर किलो वजनामागे सुमारे १.४ मिलिलिटर पुरेसे होते, म्हणजे चार किलोच्या मांजराला जेमतेम एक चमचा. त्यावरचा उतारा मांजराला साधारण तीन तासांच्या आत मिळावा लागतो. सांडलेले कूलंट त्याच क्षणी पुसून जागा भरपूर पाण्याने धुतली पाहिजे.

धुळीकडे दुर्लक्ष होते, पण तीही जिभेवाटेच आत जाते. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली आले आणि ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधी रंगवलेल्या खिडक्या आणि कपाटे पॉलिश पेपरने घासताना उडणाऱ्या धुळीत शिसे असू शकते, तेव्हा असे काम मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवून करावे आणि केर ओल्या फडक्याने काढावा. यंत्रांच्या बाबतीत नियम सोपा आहे: काम थांबले की बटण बंद करण्यावर न भागवता प्लग काढायचा, सोल्डरिंग आयर्न पूर्ण निवेपर्यंत खोली सोडायची नाही आणि यंत्र सुरू करण्यापूर्वी मांजर कोठे आहे हे पाहायचे. खोलीला दार असेल तर ते बंद ठेवणे, आणि टेबलापेक्षा उंच अशी एक फळी मांजरासाठी दाराबाहेर बसवणे, यांनी अर्धे काम होते, कारण मांजराला टेबल हवे असते ते बहुधा उंचीसाठी.

एवढे करूनही विषबाधेची शंका आली तर वाट पाहण्यात वेळ घालवू नये. मांजर दुखणे लपवते; लाळ गळणे, झोकांड्या जाणे, हिरड्या निळसर किंवा तपकिरी दिसणे, लघवी न होणे, कोपऱ्यात दडून बसणे ही चिन्हे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. घरी मिठाचे पाणी, दूध, तेल किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड पाजू नये. चावलेल्या झाडाची फांदी किंवा बाटलीचे लेबल सोबत घेऊन, आधी फोन करून, दवाखाना गाठावा. रात्री कोण उपलब्ध असते याची चौकशी संकटाच्या आधीच करून तो क्रमांक फ्रिजवर लावून ठेवणे शहाणपणाचे. दिवाळीच्या दिवसांत तर हे विशेष महत्त्वाचे, कारण याच काळात घरोघरी दोरे, रंग आणि फुले एकदम येतात आणि नेमके याच काळात अनेक दवाखाने बंद असतात. ज्यांच्या स्वतःच्या घरी मांजर नाही त्यांनीही एक गोष्ट जरूर करावी: मांजर असलेल्या घरी भेटीला जाताना फुलवाल्याला पुष्पगुच्छातून लिली काढून टाकायला सांगावे.