किडनीच्या मज्जातंतूंना चटका: भीती कुठे रास्त, कुठे नाही

‘किडनी जाळतात म्हणे!’ उच्च रक्तदाबावरच्या (बीपीवरच्या) रीनल डिनर्व्हेशन या उपचाराचं नाव निघालं की घरातलं कुणीतरी हे बोलून जातं आणि पेशंट बिचकतो. प्रत्यक्षात किडनीला कुणी हात लावत नाही. जांघेतल्या धमनीतून कॅथेटर किडनीच्या धमनीपर्यंत सरकवतात. तिथे त्याचं टोक मळसूत्रासारखं वळतं, त्यावरचे चार इलेक्ट्रोड भिंतीला टेकतात आणि साधारण मिनिटभर रेडिओफ्रीक्वेन्सी ऊर्जा सोडली जाते. धमनीच्या बाहेरून किडनीकडे जाणारे मज्जातंतू त्या उष्णतेने निकामी होतात. भिंतीची आतली बाजू वाहत्या रक्तामुळे थंड राहते. त्या मिनिटाला चांगलंच दुखतं, म्हणून वेदनाशामक आणि गुंगीचं औषध आधीच देतात.

मज्जातंतूंशिवाय किडनी चालेल कशी? प्रत्यारोपण केलेल्या किडनीचे मज्जातंतू कापलेलेच असतात, तरी ती वर्षानुवर्षं रक्त गाळते.

सगळ्यात हट्टी गैरसमज २०१४ सालचा आहे. अमेरिकेतल्या सिम्प्लिसिटी एचटीएन-३ या ५३५ रुग्णांच्या चाचणीनंतर ‘उपचार धोकादायक ठरला’ अशी समजूत पसरली. अपयश आलं होतं ते परिणामात. नुसतं सोंग केलेल्या प्रक्रियेपेक्षा बीपी लक्षणीय उतरलं नाही. मोठ्या दुष्परिणामांचं प्रमाण मात्र १.४ टक्के होतं, म्हणजे सुरक्षिततेच्या निकषात बसणारं. पुढे तंत्र सुधारलं, नव्या चाचण्यांत बीपी उतरलं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने या उपचाराला मान्यता दिली.

म्हणून धोका शून्य आहे, असं कुणी सांगत असेल तर तेही खरं मानू नका. जांघेत रक्त साकळू शकतं, एक्स-रेसाठी दिलेल्या औषधाचा किडनीवर ताण येऊ शकतो. धमनी अरुंद होण्याची भीती सगळ्यात मोठी, पण २०२० साली ५० अभ्यासांतल्या ५,७६९ रुग्णांची माहिती एकत्र केली तेव्हा धमनी अरुंद झालेले किंवा फाटलेले २६ जण निघाले. त्यांतल्या २४ जणांना स्टेंट घालावा लागला. किडनी आधीच बरीच थकलेली असेल तर मात्र हे आकडे लावू नयेत. ईजीएफआर (किडनी रक्त किती वेगाने गाळते याचा अंदाज) ४५ च्या खाली असलेले रुग्ण एचटीएन-३ मध्ये घेतलेच नव्हते.

मला जास्त काळजी वाटते ती उलट्या गैरसमजाची: ‘एकदा केलं की गोळ्या सुटल्या.’ गोळ्या बहुतेकांच्या चालूच राहतात. मळसूत्री कॅथेटरच्याच २०२० च्या स्पायरल चाचणीत २४ तासांचं वरचं बीपी सोंगाच्या प्रक्रियेपेक्षा सुमारे ४ अंकांनी जास्त उतरलं, एवढाच तो फरक. काहींना तेवढाही गुण येत नाही.

छत्तीसगडमधल्या अभनपूरच्या माणसाला कॅथलॅबसाठी रायपूर गाठावं लागतं. त्याआधीची बरीच कामं मात्र गावातच उरकतात. लघवी वाढवणाऱ्या गोळीसह तीन औषधं पुऱ्या मात्रेत, रोज, न चुकता घेतली का? गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली वेदनाशामकं चालू आहेत का? त्यांनीही बीपी चढतं. झोपेत घोरता घोरता श्वास अडकतो का? मग रायपूरला डॉक्टरांना विचारा: २४ तासांचं बीपी मोजलं का, किडनीची धमनी अरुंद नाही ना, अ‍ॅड्रिनल ग्रंथीची हार्मोन तपासणी झाली का, आणि तुम्ही स्वतः अशा किती प्रक्रिया केल्या आहेत?