न दिसलेल्या वाघांची मोजदाद

राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात २००४ साली १६ ते १८ वाघ असल्याची सरकारी नोंद होती. पुढच्याच वर्षी कसून शोध घेतला, तेव्हा तिथे एकही वाघ उरलेला नव्हता. चोरट्या शिकारीत ते संपले होते. कागदावर मात्र जिवंत होते.

तोवर आपल्याकडे वाघांची गणना होत असे ती पाऊलखुणांवरून. वनरक्षक मातीतला ठसा काचेवर रेखून घेत किंवा प्लास्टर ओतून त्याचा साचा काढत आणि त्यावरून वाघ ओळखले जात. पण ओल्या मातीतला आणि सुक्या धुळीतला ठसा एकाच वाघाचा असूनही वेगळा दिसतो. खडकाळ वाटेवर तर तो उमटतच नाही. त्यामुळे एखादा वाघ दोनदा मोजला जाई, तर एखादा सुटून जाई.

वाघाच्या अंगावरचे पट्टे मात्र आपल्या बोटांच्या ठशांसारखे असतात. एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. नव्वदच्या दशकात डॉ. उल्हास कारंत यांनी कर्नाटकातील नागरहोळेच्या जंगलात याचा उपयोग केला. वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावायचे. वाघ समोरून गेला की आपोआप छायाचित्र निघते. २००६ पासून देशभरातील गणनेत हे तंत्र आले.

पण कॅमेऱ्यात न आलेल्या वाघांचे काय? इथे साधे त्रैराशिक मदतीला येते. समजा, पहिल्या फेरीत २० वाघ टिपले गेले. दुसऱ्या फेरीत २५ आले आणि त्यातले १० आधीचेच निघाले. म्हणजे ओळखीच्या २० पैकी निम्मेच पुन्हा दिसले. मग दुसऱ्या फेरीतले २५ हेही एकूण संख्येच्या निम्मे धरायचे. एकूण वाघ सुमारे ५०. प्रत्यक्ष दिसले ३५, न दिसलेले १५! मात्र दोन फेऱ्यांमधला काळ थोडा हवा. नाहीतर जन्म, मृत्यू आणि स्थलांतर हिशेब बिघडवतात. प्रत्यक्षातले गणित याहून गुंतागुंतीचे असते, पण पाया हाच.

२०१८ च्या गणनेत २४६१ वेगवेगळे वाघ कॅमेऱ्यात आले. त्यावरून देशात सुमारे २९६७ वाघ असावेत, असा अंदाज निघाला. सोबत २६०३ ते ३३४६ अशी मर्यादाही दिली होती. अशी मर्यादा पाहून काहींना गणना कच्ची वाटते. खरे तर आपण किती चुकू शकतो, हे सांगणारा आकडाच अधिक भरवशाचा.

वैद्यकशास्त्रही हाच हिशेब वापरते. क्षयरोगाच्या रुग्णांची एक यादी रुग्णालयाची, दुसरी प्रयोगशाळेची. दोन्हींत किती नावे समान आहेत हे पाहिले, की कुठल्याच यादीत न आलेले रुग्ण किती असावेत याचा अंदाज बांधता येतो. औषधे किती लागतील, कर्मचारी किती नेमायचे, हे नोंदवहीतल्या नावांवरच ठरवले तर ते रुग्ण उपचाराविना राहतात. वाघ असो वा रुग्ण, जो नजरेआड आहे त्याचाही हिशेब धरावाच लागतो.