आजीची सुरत, पुस्तकातली सुरत

सुरतेचा इतिहास म्हटला की आपल्या मुलांना १६६४ ची शिवरायांची स्वारी चटकन आठवते. ती शाळेत शिकवली जाते. पण खानदेशातल्या कितीतरी घरांनी अनुभवलेला १९९४ चा प्लेग? तो मुलांच्या कानावर पडतो तो घरातच, आजी-आजोबांच्या बोलण्यातून.

कतारगाम हा सुरतेच्या उत्तरेचा भाग. एकेकाळी उंधियोत पडणाऱ्या पापडीसाठी नावाजलेला, पुढे हिऱ्यांच्या कारखान्यांनी गजबजलेला. याच भागातल्या वेड रोडला प्लेगचा मोठा तडाखा बसला. तिथल्या दाटीवाटीच्या खोल्यांत सौराष्ट्रातले कारागीर राहत, तसेच आपल्याकडून पोटासाठी गेलेले मजूरही.

घरातल्या गोष्टी ऐकाव्यात तर त्यात तारीख नसते. 'गणपती बुडाले आणि रोग आला,' एवढेच असते. मग तोंडाला बांधलेले रुमाल, टेट्रासायक्लिनसाठी दुकानापुढची झुंबड, खोलीला कुलूप लावून लेकरांसह गाठलेले स्टेशन. आणि शेवटी एक वाक्य हमखास येते : शेकड्यांनी माणसे मेली.

आता अभ्यासकांकडे वळू. सुरतेतली साथ सप्टेंबर १९९४ च्या तिसऱ्या आठवड्यात उघड झाली. तापीचे पुराचे पाणी ओसरल्यावर साचलेली घाण, मेलेली जनावरे आणि तुंबलेली गटारे यांची नोंद त्यांनी केली आहे. फुप्फुसाचा हा प्लेग खोकल्यातून पसरतो, म्हणून दाट वस्तीत त्याची धास्ती अधिक. लाखो लोकांनी काही दिवसांत शहर सोडले. मात्र अधिकृत नोंदींप्रमाणे देशभरातले मृत्यू साठाच्या आत होते. तेव्हा वर्तमानपत्रांतही शेकडोंचे आकडे छापून आले होते. तेच घराघरांत मुरले.

मग आजी खोटे बोलते का? मुळीच नाही. ती आकडा सांगत नाही, भीती किती मोठी होती ते सांगते. आकडा मात्र नोंदींतूनच घ्यावा. तारखेचेही तसेच. किल्लारीचा भूकंपही गणपती विसर्जनानंतरच्या पहाटेचाच, ३० सप्टेंबर १९९३ चा. त्यामुळे सांगताना दोन वर्षांचे गणपती एकमेकांत मिसळू शकतात.

पण पुस्तकालाही मर्यादा असतात. प्रा. घनश्याम शहा यांनी सुरतेच्या प्लेगवर १९९७ मध्ये पुस्तक लिहिले. शहर वाढले, पण आरोग्यव्यवस्था त्या मानाने वाढली नाही, हा धागा त्यात सापडतो. १९९५ मध्ये आलेले पालिका आयुक्त एस. आर. राव यांनी शहर कसे झाडून काढले, हेही लिहिले गेले आहे. पण नंदुरबारच्या फलाटावर उतरलेल्या अमुक कुटुंबाला गावाने घरात घेतले की वेशीवरच थांबवले? दिवाळीआधी परत गेलेल्या तरुणाला मालकाने पुन्हा कामावर ठेवले का? कुलूप लावलेल्या खोलीतले सामान जागेवर सापडले का? याची उत्तरे कोणत्याही सरकारी कपाटात मिळणार नाहीत. ती त्या माणसांजवळच आहेत.

तेव्हा पंचविशी-तिशीत असलेली ही माणसे आज साठीच्या घरात आहेत. त्यांचे आई-वडील तर बहुतेक ठिकाणी उरलेलेही नाहीत. म्हणून हे काम सुट्टीवर टाकू नये. घरात सुरतेहून परतलेले कोणी असेल तर मुलांनी त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. कुठल्या गल्लीत राहत होता, सोबत कोण होते, गाडीने आलात की एसटीने, शेजारी काय म्हणाले, असे साधे प्रश्न विचारावेत. मोबाइलवर आवाज टिपून घ्यावा. उत्तर देताना कोणी गप्प झाले, तर घाई करू नये.

त्यानंतर वाचनालयात जाऊन त्या दिवसांची जुनी वर्तमानपत्रे चाळावीत. जिथे आठवण आणि नोंद जुळेल तिथे खूण करावी. जिथे जुळणार नाही तिथे दोन्ही लिहून ठेवावे, आजीचे वाक्य खोडू नये. साथ कशाने आली हे अभ्यासक सांगतील. त्या रात्री आपल्या घरात दिवा लागला होता का, हे मात्र आपल्यालाच विचारावे लागेल.