जोड सुटला की यंत्र थांबते : संगणक दुरुस्तीतील निदानाचा क्रम

‘मदरबोर्ड गेला.’ संगणक दुरुस्तीच्या दुकानात हे दोन शब्द ऐकले की ग्राहकाचा चेहरा उतरतो. त्यांचा अर्थ काही हजारांचा खर्च, आठवडाभराचा खोळंबा आणि पुष्कळदा नव्या यंत्राची खरेदी असा होतो. हे शब्द कधीकधी खरेही असतात. पण अनेक वेळा त्यांच्यामागे तपासणी झालेलीच नसते.

मी या विषयाचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. यंत्रे उघडून, मोजून आणि मिळतील ती पुस्तके वाचून जे समजले, त्यावरून एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. बंद पडलेल्या संगणकात एखादा भाग जळलेला असण्यापेक्षा दोन भागांमधला जोड सैल, मळका किंवा गंजलेला असण्याची शक्यता आधी तपासली पाहिजे. या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना भागांची नावे लवकर पाठ होतात. जोड ओळखणे आणि क्रमाने शोधणे मात्र कुणी फारसे शिकवत नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

मागावरचा धडा

सोलापूरला हा विचार परका नाही. फ्रान्समधील लिआँ शहरात जोसेफ मारी जकार याने १८०४ च्या सुमारास नक्षी विणणाऱ्या मागाची जी रचना केली, तिच्याच तत्त्वावर आपली सोलापुरी चादर विणली जाते. मागाच्या वर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते. कार्डाला जिथे छिद्र असेल तिथे सुई आत जाते आणि ताण्याचा धागा उचलला जातो. छिद्र नसेल तिथे धागा खालीच राहतो. छिद्र आहे किंवा नाही, एवढ्या दोनच अवस्थांतून मोर उमटतो आणि फुलेही उमटतात. चार्ल्स बॅबेजने १८३० च्या दशकात आपल्या गणनयंत्रासाठी हीच कार्डे योजली होती. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथने छिद्रांच्या कार्डांवरून माणसे मोजली. त्याची कंपनी पुढे ज्या कंपन्यांत विलीन झाली, त्यांतून आयबीएम उभी राहिली. आता पुठ्ठ्याची जागा घेणारा इलेक्ट्रॉनिक जकार्डही आला आहे. त्यात संगणकावर काढलेली नक्षी थेट मागाकडे जाते. म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यालाही आता संगणक दुरुस्त करणारा माणूस लागतो.

मागावरच्या कारागिराची दोष शोधण्याची रीत आपण उचलावी अशी आहे. चादरीत लांबीच्या दिशेने एकच रेघ सलग चुकत गेली, तर तो त्या एका धाग्याकडे, त्याच्या हुकाकडे पाहतो. आडवी रेघ प्रत्येक नक्षीत त्याच जागी चुकत असेल, तर तो त्या क्रमांकाचे कार्ड तपासतो. चूक कशी दिसते यावरून ती कुठे आहे हे कळते. माग बदला, असे तो मालकाला सांगत नाही.

संगणकातही तेच आहे. पडद्यावर उभी रेघ दिसते. ती विंडोज सुरू होण्याआधी, कंपनीचे नाव झळकते तेव्हाही दिसते का, हे पाहावे. तेव्हाही दिसत असेल तर विंडोज पुन्हा टाकून काही उपयोग नाही. मग दुसरा मॉनिटर जोडावा. रेघ गेली तर दोष पहिल्या मॉनिटरमध्ये किंवा त्याच्या केबलमध्ये. रेघ कायम राहिली तर ग्राफिक्सच्या भागात. दोन कृतींत अर्धे यंत्र संशयातून मोकळे होते.

जोड ओळखावेत कसे

डेस्कटॉपच्या पेटीत वीजपुरवठ्याचा डबा असतो, त्याला आपण एसएमपीएस म्हणतो. त्यातून मदरबोर्डकडे २४ पिनांचा रुंद जोड जातो. प्रोसेसरसाठी ४ किंवा ८ पिनांचा वेगळा जोड असतो. नवशिके हा दुसरा जोड विसरतात. मग पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो. नेहमीच्या रंगांच्या तारांत पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट, तांबड्यावर ५ आणि नारिंगीवर ३.३ व्होल्ट असतात. काळी तार म्हणजे ग्राउंड. मोजमापात पाच टक्क्यांचा फरक चालतो. म्हणजे पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळाले तर ठीक. साधा मल्टिमीटर हातात असेल तर ‘एसएमपीएस गेला असेल’ असा अंदाज करत बसावे लागत नाही.

रॅमच्या पट्टीला खाली एक खाच असते. डीडीआर ३ पट्टीला २४० आणि डीडीआर ४ ला २८८ संपर्क असतात आणि दोघींची खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसत नाही. न बसणारी पट्टी जोर लावून बसवू नये. हार्ड डिस्कचे साटा जोड दोन असतात. ७ संपर्कांचा अरुंद जोड माहितीचा आणि १५ संपर्कांचा रुंद जोड विजेचा.

जुन्या मॉनिटरचा १५ पिनांचा निळा व्हीजीए जोड शिकण्यासाठी उत्तम. त्यात तांबडा, हिरवा आणि निळा रंग वेगवेगळ्या पिनांवरून येतो. पडदा पिवळट दिसू लागला तर निळा रंग पोचत नाही असे समजावे. जांभळट-गुलाबी दिसला तर हिरवा आणि आकाशी दिसला तर तांबडा पोचत नाही. बहुधा एक पिन वाकलेली असते किंवा केबल आतून तुटलेली असते. ग्राहक मात्र ‘मॉनिटर बाद झाला’ असे समजून आलेला असतो.

हे जोड बिघडतात का? धातूचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर टेकले तरी ते प्रत्यक्षात थोड्याच बिंदूंवर भिडतात. त्या बिंदूंवर धूळ बसली, हवेने धातू काळवंडला किंवा यंत्र तापून-थंडावून जोड केसभर सरकला, की विजेची वाट अडते. रॅम काढून पुन्हा बसवली की यंत्र सुरू होते, यात चमत्कार नाही. बसवताना संपर्क एकमेकांवर घासून स्वच्छ होतात, एवढेच. खोडरबराने रॅम घासायची आपल्याकडे पद्धत आहे. पण संपर्कांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. म्हणून आधी नुसती काढून बसवावी. तेवढ्याने भागले नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. खोडरबर शेवटी आणि तोही मऊ.

सोलापूरची हवा

पुस्तके लिहिणाऱ्यांच्या खोलीत २५ अंश तापमान असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ पर्यंत जातो. प्रोसेसरचे तापमान खोलीपेक्षा साधारण ठरावीक अंशांनी वर राहते. समजा, एका कामात तो ४० अंशांनी वर जातो. २५ अंशांच्या खोलीत तो ६५ वर थांबेल, आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये ८२ वर. त्यात पंखा तुंबलेला असेल तर तो शंभरीकडे सरकतो. मग प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि तेवढ्यानेही भागले नाही तर यंत्र बंद होते. ‘दुपारी बंद पडतो, सकाळी चालतो’ ही तक्रार ऐकली की व्हायरस शोधण्याआधी पंखा पाहावा.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत किंवा पूर्व भागातल्या घरगुती कारखान्यांत दुसरा त्रास आहे. सुताची बारीक तुसे हवेत तरंगतात आणि पंख्याच्या खाली, अॅल्युमिनियमच्या पात्यांमध्ये, नमद्यासारखा थर धरतात. वरून पाहिले तर पंखा स्वच्छ दिसतो, म्हणून तो काढून खाली पाहिल्याशिवाय थर दिसत नाही. ब्लोअरने हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. नाहीतर ते वाजवीपेक्षा जोरात फिरून बेअरिंग खराब होते. मागांच्या हादऱ्यांनीही जोड हळूहळू सैल होतात. अशा जागी वर्षातून दोनदा तरी यंत्र उघडून साफ करावे, त्यातले एकदा उन्हाळ्याआधी.

तिसरी गोष्ट अर्थिंगची. संगणकाच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, हा अनुभव पुष्कळांना असेल. एसएमपीएसमध्ये वीज गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात आणि ते पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर पुरवठ्याच्या साधारण निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब राहतो. प्रवाह फार थोडा असल्याने सहसा इजा होत नाही. पण आतली एखादी जिवंत तार पत्र्याला लागली, तर वाचवणारी वाट शिल्लक नसते. झिणझिण्या आल्या तर संगणक दुरुस्त करून उपयोग नाही. आधी वायरमनला बोलवावे.

शोधण्याचा क्रम

पहिली पायरी विचारण्याची. केव्हापासून होते? त्याआधी काय बदलले? यंत्र हलवले, वीज गेली, नवा प्रिंटर जोडला? या प्रश्नांची उत्तरे पेचकसापेक्षा जास्त कामाची असतात.

दुसरी पायरी विजेची. भिंतीपासून सुरुवात करावी. सॉकेटमध्ये वीज आहे का, यूपीएस पुढे देतो का, केबल घट्ट बसली आहे का, एसएमपीएसच्या मागचे बटण चालू आहे का.

तिसरी पायरी कमी करण्याची. वीज बंद करून, केबल काढून, जास्तीचे सगळे सोडवावे. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस एवढेच ठेवावे. यंत्र सुरू झाले तर एकेक भाग परत जोडावा. ज्या भागाने ते पुन्हा अडेल, तिथे दोष. एका वेळी एकच बदल करावा, हा सगळ्यांत महत्त्वाचा नियम आहे. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झाले, तर आपण कमावतो, पण शिकत काहीच नाही.

चौथी पायरी अदलाबदलीची. संशयित भाग चांगल्या यंत्रात लावून पाहावा. दोष त्याच्याबरोबर गेला तर दोष त्याचाच. तो भाग दुसऱ्या यंत्रात नीट चालला तर खरा गुन्हेगार पहिल्या यंत्रातच आहे.

सॉफ्टवेअरची पायरी यानंतर येते. एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. ग्राहक म्हणतो, ‘इंटरनेट चालत नाही. एकही साइट उघडत नाही.’ केबल ठीक, राउटर ठीक. कोपऱ्यातली तारीख पाहिली तर कित्येक वर्षे मागची. मदरबोर्डवर सीआर २०३२ ही ३ व्होल्टची गोल बॅटरी असते. यंत्र बंद असताना घड्याळ तीच चालवते. ती संपली की तारीख मागे जाते आणि सुरक्षित साइटचे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही, असे संगणकाला वाटते. म्हणून तो साइट उघडू देत नाही. शंभर रुपयांच्या आतला उपाय. तो न सापडल्याने विंडोज पुन्हा टाकणे, राउटर बदलणे असे सगळे खर्च होऊ शकतात.

थांबावे कुठे

दुरुस्ती शिकताना हात कुठे आवरायचा हेही शिकले पाहिजे. एसएमपीएसचा डबा नवशिक्याने उघडू नये. २३० व्होल्टची वीज आत सरळ करून सुमारे ३२५ व्होल्टने कपॅसिटर भरलेले असतात आणि वायर काढल्यावरही ते काही काळ भरलेले राहू शकतात. लॅपटॉपची फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये. वापर थांबवून ती वेगळी ठेवावी.

सर्वांत मोठी जोखीम हार्ड डिस्कची. डिस्कमधून ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज येत असेल तर यंत्र पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. आतले वाचणारे डोके प्रत्येक प्रयत्नात तबकडी खरवडत असण्याची शक्यता असते. टॉवेलच्या व्यापाऱ्याचा संगणक जुना असेल, दहा हजारांचाही नसेल. पण त्यातला उधारीचा हिशेब, जीएसटीची कागदपत्रे आणि नक्षीच्या फाइली पुन्हा मिळणार नसतात. म्हणून पेचकस हातात घेण्याआधी ग्राहकाला एक प्रश्न विचारावा : यात असे काय आहे, ज्याची दुसरी प्रत नाही? उत्तर मिळेपर्यंत फॉरमॅट हा शब्द तोंडातून काढू नये.

एमएस-सीआयटीने २००१ पासून महाराष्ट्रात लाखो लोकांना संगणक वापरायला शिकवले. तो बिघडल्यावर शांतपणे शोधणारे हात मात्र गावोगावी अजून कमी आहेत. हे काम शिकायला मोठे भांडवल लागत नाही. एक पेचकस संच, एक मल्टिमीटर, एक ब्रश, चांगल्या स्थितीतली एक रॅम पट्टी आणि एक वही पुरते. वहीत प्रत्येक यंत्राची तक्रार, काय तपासले, काय मोजले आणि शेवटी दोष कुठे निघाला, हे चार ओळींत लिहावे. ग्राहकानेही दुकानदाराला ‘मदरबोर्ड गेला हे कशावरून ठरवले?’ असे विचारायला संकोचू नये. ज्याने क्रमाने तपासले असेल, तो वही उघडून दाखवील.