नव्या कर्नेलनंतरची शांतता

लिनक्स वापरणाऱ्यांच्या तक्रारींत एक तक्रार फार जुनी आहे. रात्री अपडेट टाकले, त्यात कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलला, सकाळी संगणक सुरू केला, सगळे जागच्या जागी आहे, आवाज तेवढा नाही. सेटिंगमध्ये स्पीकरच्या नावाऐवजी ‘डमी आउटपुट’ एवढेच दिसते. डोळस माणसाची यात गैरसोय होते, गाणी आणि मीटिंगा अडतात. पण ऑर्का हा स्क्रीन रीडर लावून काम करणाऱ्या दृष्टिहीन माणसाचा अख्खा संगणकच बंद पडतो. दुरुस्तीसाठी जे वाचायला हवे, तेच त्याला ऐकू येत नाही. ईस्पीक-एनजी या मोफत वाचक-आवाजामुळे ऑर्का मराठीही वाचतो, तेव्हा हा प्रश्न आपल्याही दारातला आहे. या बिघाडाला किरकोळ म्हणणे म्हणूनच मला पटत नाही.

आधी दिलाशाची गोष्ट. अपडेटनंतर लगेच आवाज गेला असेल, तर साउंड कार्ड जळालेले नसते, असे जवळजवळ धरून चालावे. आवाज स्पीकरपर्यंत चार-पाच हातांतून पोहोचतो आणि त्यातल्या एकाची दुसऱ्याशी ओळख तुटलेली असते. घोडे नेमके कुठे पेंड खाते, ते शोधायचे, तर हे थर कसे रचले गेले, हे माहीत हवे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडच्या हान्नु साव्होलाइनेन यांनी साउंड ब्लास्टर कार्डासाठी ड्रायव्हर लिहिला आणि त्यातून ओएसएस ही ध्वनिव्यवस्था उभी राहिली. त्या काळी बहुतेक कार्डे एका वेळी एकाच प्रोग्रॅमला दाद देत. १९९८मध्ये चेक प्रोग्रॅमर यारोस्लाव्ह किसेला यांनी ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डासाठी केलेल्या कामातून अल्सा जन्माला आले. डिसेंबर २००३च्या २.६ या कर्नेलपासून अल्सा हीच मुख्य ध्वनिव्यवस्था झाली आणि आजही कर्नेलच्या पोटात तीच आहे. ताकाशी इवाई गेली अनेक वर्षे तिची देखभाल करत आहेत. अल्साच्या वर, अनेक प्रोग्रॅमांचे आवाज एकत्र करायला, २००४पासून लेनार्ट पॉटरिंग यांचे पल्सऑडिओ आले. पुढे विम टायमन्स यांच्या पाइपवायरने त्याची जागा घेतली: फेडोराने २०२१मध्ये ३४व्या आवृत्तीत, उबुंटूने २२.१०मध्ये. कोणता आवाज कुठल्या स्पीकरकडे जाईल, हे आता पाइपवायरसोबतचे वायरप्लंबर ठरवते.

कर्नेल बदलते तेव्हा वरचे हे थर बदलत नाहीत, बदलतो तो तळ. तरीही आवाज गेला की बहुतेक जण आधी पाइपवायर काढून पुन्हा बसवतात, मग पल्सऑडिओ परत आणतात आणि आगीतून फुफाट्यात पडतात. माझ्या मते पहिली चाचणी एकच. संगणक सुरू होताना ग्रब या बूट-मेनूच्या यादीत, किंवा तिच्यातल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये, जाऊन मागचे कर्नेल निवडायचे. उबुंटू, फेडोरा, डेबियनवर जुने कर्नेल सहसा शिल्लक असते. तिथे आवाज आला, तर यंत्रही शाबूत आणि वरचे थरही शाबूत. मग दोष नव्या कर्नेलमध्ये किंवा त्याच्या सोबत यायला हव्या होत्या त्या फाइलींमध्ये. तिथेही आवाज नसेल, तर कर्नेलवर खापर फोडण्यात अर्थ नाही. अशा वेळी संगणक नुसता रीस्टार्ट न करता पूर्ण बंद करावा. त्याच संगणकावर विंडोजही असेल, तर ती कधी कधी ध्वनिचिप अर्धवट अवस्थेत सोडून जाते आणि पूर्ण वीज तुटल्यावरच ती चिप शुद्धीवर येते.

खरी गुंतागुंत तळाशी आहे. इंटेलने २००४मध्ये एचडी ऑडिओ हे मानक आणले. त्यात एक नियंत्रक असतो आणि एक कोडेक चिप, पुष्कळदा रिअलटेकची. कोडेकला अनेक पिना असतात. कोणती स्पीकरला जोडली, कोणती हेडफोनला, याचा तक्ता लॅपटॉप बनवणाऱ्याने बायॉसमध्ये भरायचा असतो. हा तक्ता वारंवार चुकीचा असतो, कारण विंडोजसाठी कंपनी आपला ड्रायव्हर देते आणि चूक तिथेच झाकली जाते. लिनक्सला ती सोय नाही. म्हणून रिअलटेकच्या ड्रायव्हरमध्ये एक लांबलचक यादी वाढत गेली. ती ज्या फाइलीत होती, ती दहा हजारांवर ओळींची झाली होती. यादीतल्या एकेका ओळीत एखाद्या मॉडेलचा ओळख-क्रमांक आणि त्याच्यापुढे त्याचा उतारा: अमुक पीन स्पीकरची समजा, तमुक अ‍ॅम्प्लिफायर आधी जागा करा. यातल्या कित्येक ओळी, आपल्या मुक्या लॅपटॉपची माहिती कुणीतरी नीट कळवली म्हणून आल्या आहेत. आणि एका मॉडेलसाठी केलेली दुरुस्ती त्याच्या भावंडाला बाधली की त्या भावंडाचा आवाज जातो.

गेल्या काही वर्षांत आणखी एक कारण बळावले आहे. नव्या लॅपटॉपमध्ये डिजिटल मायक्रोफोन आले, त्यांच्यासाठी स्वतंत्र सिग्नल प्रोसेसर आला आणि तो चालवायला इंटेलने २०१८मध्ये साउंड ओपन फर्मवेअर, म्हणजे एसओएफ, जाहीर केले. हे फर्मवेअर कर्नेलमध्ये नसते, त्याचे पॅकेज वेगळे असते. नवे कर्नेल एसओएफचा ड्रायव्हर निवडते, पॅकेज नसते किंवा जुने असते आणि कार्ड उभेच राहत नाही. डीमेसेज या कमांडने दिसणाऱ्या कर्नेलच्या नोंदींत त्या फर्मवेअरच्या नावापुढे ‘उणे २’ हा त्रुटी-क्रमांक दिसला, की समजावे, फाइल सापडलेली नाही. पॅकेज बसवून रीस्टार्ट केले की पुष्कळदा काम होते. ड्रायव्हर सक्तीने जुन्या पद्धतीवर नेण्याचा पर्यायही आहे, पण तो तात्पुरताच मानावा, कारण स्पीकर बोलू लागले तरी लॅपटॉपचा मायक्रोफोन मुका होऊ शकतो. सिरस लॉजिकची सीएस३५एल४१सारखी अ‍ॅम्प्लिफायर चिप असलेल्या यंत्रांतही फर्मवेअर हवेच. तिथे कार्ड यादीत दिसते, आवाजाची पट्टी हलते आणि स्पीकर मात्र गप्प राहतात.

तपास कुठून सुरू करावा, हे ‘प्रॉक’खालच्या ‘असाउंड’ फोल्डरमधली ‘कार्ड्स’ ही फाइल सांगते. तिथे एकही कार्ड नसेल, तर वरच्या थरांना हात लावू नये. एलएसपीसीआय या कमांडने पाहावे, की ध्वनियंत्रापुढे ड्रायव्हरचे नाव येते का. उबुंटूत अनेक ध्वनिड्रायव्हर ‘मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ या वेगळ्या पॅकेजात असतात आणि अपडेट अर्धवट झाले, की नव्या कर्नेलसाठीचे ते पॅकेज राहून जाते. बाहेरून बसवलेला ड्रायव्हर डीकेएमएस या साधनाने नव्या कर्नेलसाठी पुन्हा बांधावा लागतो आणि सिक्युअर बूट चालू असेल, तर सही नसलेला ड्रायव्हर आत घेतलाच जात नाही. कार्ड यादीत असेल, तर गोष्ट सोपी. कधी कार्डांचा क्रम बदललेला असतो आणि आवाज मॉनिटरच्या एचडीएमआयकडे निघून जातो. कधी अल्सामिक्सरमध्ये एखाद्या पट्टीखाली ‘एमएम’ अशी खूण असते. ती पट्टी बंद असल्याची ही खूण. ‘एम’ ही कळ दाबली की पट्टी खुली होते.

एवढे करूनही जुन्या कर्नेलवर आवाज आणि नव्यावर शांतता असेल, तर ते कळवणे हा वापरणाऱ्याचा हक्क आहे. आधी चालत होते ते नव्या आवृत्तीने मोडता कामा नये, हा लिनस टॉरवाल्ड्स यांचा कडक नियम आहे आणि थॉर्स्टन लेमहुइस अशा मोडतोडीचा पाठपुरावा करतात. अल्सा-इन्फो ही स्क्रिप्ट चालवली की कोडेक, पिना, ओळख-क्रमांक सगळे एका फाइलीत येते, तेवढे पाठवले तरी पुष्कळ. ज्याला जमेल त्याने गिट बायसेक्ट करावे. नव्या आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल असतात, पण दर वेळी निम्मे वगळत गेले की चौदा-एक चाचण्यांत नेमका बदल हाती लागतो. ‘आवाज येत नाही’ एवढ्यावर कुणाला काही करता येत नाही. ‘अमुक बदलानंतर येत नाही’ म्हटले की बदल करणाऱ्याचे नावच समोर येते.

दुरुस्ती येईपर्यंत काय? आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतही दिले आहेत. ऐकून शिकायचे हे धडे, त्यामुळे ते वापरणाऱ्या शाळेच्या लॅबला तोवर थांबणे परवडत नाही, आणि ऑर्कावाल्याला तर मुळीच नाही. अशांनी एक साधे यूएसबी साउंड कार्ड जवळ ठेवावे. त्याचा ड्रायव्हर वेगळा असतो. कोडेकची यादी, बायॉसचा तक्ता, एसओएफ यांपैकी कशाशीच त्याला देणेघेणे नसते. आतले कार्ड मुके झाले तरी ते बहुधा बोलते. दृष्टिहीन माणसाला मग दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांची वाट न पाहता डीमेसेजची नोंद स्वतः ऐकता येते आणि अल्सा-इन्फोची फाइल स्वतः पाठवता येते.